आवाज ज्या त्या मशीनचा

रोतुआ सिहोम्बिंग शिंकली तरी जावातल्या आमच्या सोलो शहरात दोन गल्ल्यांपलीकडे कळतं. दूरच्या बेटावरल्या तोबा तळ्याकाठची, बटाक जमातीची बाई ती, चर्चच्या गायनात पहिल्या रांगेत उभी राहणारी. आणि लग्न करून आली कुठे, तर आम्हा जावानी लोकांत! आमच्यात पाय चेंगरला तर ज्याचा चेंगरला तोच आधी माफी मागतो. नवरा गेला, बाई मात्र इथेच राहिली. तिकडच्या मेदान शहरात कॉम्प्युटर शिकलेली, म्हणून आमच्या नर्सिंग संस्थेची लॅब तिच्या ताब्यात. मी तिथे जपानी शिकवते. भाषेची परीक्षा पास झाली की आमच्या मुली जपानला नोकरीला जातात.

लॅबमधली मशीनं दान आलेली, दहा घरची दहा तोंडं. पण रोतुआनं ती सगळी आतल्या एका मोठ्या मशीनला जोडली होती. मुलीनं कुठेही बसावं, नाव टाकावं, की तिचं फोल्डर, तिचे धडे, तिची आवाजासकट सगळी मांडणी समोर हजर. या कामाचा रोतुआला काय अभिमान, विचारू नका!

त्याच अभिमानावर बोळा फिरायची वेळ आली. खऱ्या परीक्षेत जागा चिठ्ठ्या टाकून ठरतात, म्हणून रोजच्या जागा सोडायला लावून सराव परीक्षाही आम्ही तशीच घेतली. ऐकून उत्तरं लिहायच्या पेपरात निम्मा वर्ग आपटला. माझं डोकंच फिरलं.

"अगं, मी काय भिंतींना शिकवत होते का?"

सुमियार नावाची लाजरी पोरगी खाली मान घालून, आमच्यात बाईंना म्हणतात तसं 'बू' म्हणत पुटपुटली, "बू, काही ऐकूच येत नव्हतं."

"मग तोंडाला काय कुलूप होतं?"

"तुम्हाला कशाला त्रास द्यायचा, बू..."

म्हणजे निम्मा वर्ग कानाला हेडफोन लावून, माना डोलावत, चक्क बहिरा बसला होता! यांच्या सभ्यतेपुढे हात टेकले बाई.

संचालक दारसोनो हळू आवाजात म्हणाले, "बू रोतुआ, जाकार्ताहून तपासनीस येतायत. त्यांच्यासमोर असं झालं तर आपलं परीक्षा केंद्र सेमारांगला जाईल. तुमचं ते जोडकाम काढून टाकलेलं बरं."

"मग आधी मला काढा!" रोतुआ गरजली. पण ते गेल्यावर माझ्याजवळ येऊन बसली, तेव्हा तिचे डोळे भरले होते. "मुर्वानी, माझ्यामुळे केंद्र गेलं तर मी या पोरींना तोंड कसं दाखवू गं?"

आधी तिनं सगळ्यांना आवाजाची एकच मांडणी लावून पाहिली. झालं! एक मशीन मुकं, तर दुसरं असं किंचाळलं की मुलींनी हेडफोन फेकून दिले. मी हसले, तर माझ्यावर खेकसली.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिनं माझ्या डब्यातला सांबल, म्हणजे आमचा मिरचीचा ठेचा, भाताबरोबर खाल्ला, हाशहुश केलं आणि एकदम थांबली. "अगं, भात खाणारीचा, पण तिखट ज्या त्या घरचं! धडे पोरीचे, ते तिच्याबरोबर फिरू देत. आवाज मात्र मशीनचा. पोरगी काल ज्या मशीनवर बसली तिथला हेडफोन आज तिची मांडणी दुसऱ्या मशीनवर शोधतेय. सापडेल कसा?"

मग तिनं प्रत्येकीच्या फोल्डरमध्ये प्रत्येक मशीनच्या नावानं आवाजाची वेगळी नोंद ठेवली. मुलगी बसली की मशीन आपल्या नावाची तेवढी नोंद उचलणार, दुसऱ्याच्या नोंदीला हात लावणार नाही. आणि मुलींना दम भरला, "ऐकू आलं तर ओरडा, नाही आलं तर टेबल बडवा. गप्प बसणारीला मी बाहेर काढीन!"

तपासनीस आले. चिठ्ठ्या टाकल्या, मुली बसल्या, ध्वनिफीत सुरू झाली. "कोणाला ऐकू येत नाही का?" त्यांनी विचारलं. खोली चिडीचूप. आमच्यात या शांततेचा अर्थ काहीही होऊ शकतो! दारसोनोंचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं बोला की!" रोतुआ कडाडली.

"येतंय!" पहिली ओरडली. मग दुसरी, तिसरी, मग सगळी खोली. आणि त्या गलक्यात धाडकन टेबल वाजलं. सुमियार उभी होती, लालबुंद. "बू, माझा आवाज फार मोठा आहे! कान फुटतील माझे!"

जन्मात पहिल्यांदा पोरीनं तक्रार केली होती. रोतुआचा चेहरा असा खुलला की काय सांगू! "कमी कर. आता ऊठ, शेजारच्या मशीनवर बस."

सुमियारनं तिथे बसून नाव टाकलं. "इथे नीट येतंय."

"परत जाग्यावर ये."

"इथे कमीच आहे, बू. मी केला होता तेवढाच."

तपासनीसांनी स्वतः तो हेडफोन लावला, मग शेजारचा लावला. हेडफोन काढून ते दारसोनोंकडे वळले. "परीक्षा इथेच होईल. आणि सेमारांगच्या केंद्रालाही हे असंच करून हवंय. बाईंना पाठवाल का?"

"होरास!" रोतुआनं बटाकांच्या जयघोषाची अशी आरोळी ठोकली की खिडकीच्या काचा थरथरल्या. मुलींनी टेबलं बडवायला सुरुवात केली. दारसोनो घाबरून म्हणाले, "हळू, हळू, शेजारी काय म्हणतील!"

मी त्यांच्याकडे पाहिलं, दोन्ही हात उचलले आणि टेबलावर जोरात आपटले.