नहर-बंगल्याची 'कच्ची' भिंत

उतईच्या पुढं नहराच्या काठावर इंग्रजांच्या काळातला एक बंगला आहे. नहर खोदणाऱ्या साहेबांच्या मुक्कामासाठी बांधलेला. शहाऐंशी सालच्या मे महिन्यात त्याच्या फाटकावर 'संरक्षित भवन' अशी पाटी लागली, आणि पाटीचा रंग वाळायच्या आत सिमेंटच्या गोण्या उतरल्या.

गोण्या पाहून ठकूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ठकूबाई तिरोड्याकडून आलेल्या चुनेवाल्याची लेक. बाप दर उन्हाळ्यात याच बंगल्याची डागडुजी करायचा, आणि बाराव्या वर्षापासून ही पोर त्याच्या हाताखाली. चुना भिजवायचा, विटांची भुकटी चाळायची, गुळाचं पाणी नि बेलाचा गर घालून घोटत बसायचं. सरकारी कागदावर मात्र त्या जन्मभर 'रेजा', म्हणजे डोक्यावर घमेलं वाहणारी बाई. आता साठी उलटली तरी रेजाच.

बंगल्याची अक्कल त्यांना तोंडपाठ होती. चारी बाजूंनी व्हरांडा, म्हणून ऊन भिंतीला शिवत नाही. छताखाली झरोके, तापलेली हवा वरच्या वर निघून जाते. दोन हात जाडीची भिंत पावसात ओल पिते आणि उन्हात सोडते, कारण ती चुन्याची आहे. कारखान्याच्या वसाहतीतले, सेक्टर १० मधले साहेब आपल्या तव्यासारख्या तापल्या क्वार्टरातून पळून रविवारी इथंच येऊन घोरत पडायचे, ते काय उगाच?

त्यातलेच एक शामसुंदर भुसारी. कामावर देखरेख त्यांची.

"भुसारी साहेब, हे काय करून राहिले तुमी?"

"जतन करून राहिलो, ठकूबाई. पाटी नाई वाचली का?"

"पाटी वाचता येते मले. भिंतीचं वाटोळं कावून करता?"

भुसारींनी भोपाळच्या कचेरीतून आलेला कागद पुढं धरला. 'जुड़ाई चूने की, कच्ची. पक्का प्लास्टर कराया जाए.' म्हणाले, "चुन्याची सांधणी म्हंजे कच्ची. कच्च्याचं पक्कं कराचं, असा आदेश हाय."

"कच्ची?" ठकूबाईंनी साहेबाचं मनगटच धरलं आणि ओढत मागच्या खोलीत नेलं. दोन वर्षांपूर्वी तिथं सिमेंट थापलं होतं. भिंत पोटुशीसारखी फुगलेली, खाली पांढरा लोणा, ओलीबरोबर फुटलेला खार. त्यांनी बोटानं ठोकून पाहिलं तर पोकळ आवाज आला. "सत्तर वर्सं चुन्यात उभी राह्यली ते कच्ची, अन् दोन पावसात फुगली ते पक्की? रविवारी चटई टाकता ते कोण्या खोलीत, साहेब? ह्या का?"

बाहेर रेजा बाया खुसखुसल्या.

तेवढ्यात अंगणातून ठेकेदार ओरडला, "साहब, माई को हटाइए! मसाला जम जाएगा!"

ठकूबाईंनी ते बरोबर ऐकलं. पाणी घातलेलं सिमेंट मे महिन्यात तासभरही थांबत नाही. त्या गेल्या आणि जिथून काम सुरू व्हायचं होतं त्या दिवाणखान्याच्या उंबऱ्यावर मांडी घालून बसल्या.

"हटवा आता. मले उचलाले चार रेजा लागतीन, अन् ह्या साऱ्या माह्याच हाताखाली शिकल्या."

एकीनं घमेलं खाली ठेवलं. मग दुसरीनं. ठेकेदारानं आवाज चढवला, हात जोडले, शेवटी शिव्या दिल्या. ठकूबाईंनी पदरानं वारा घेतला, बस. उन्हं कलल्यावर त्यानं कालवलेल्या सिमेंटच्या ढिगात फावडं मारलं तर ते खणकन उडालं.

आता भुसारी नरमले. "ठीक हाय. दिवाणखाना चुन्यातच करू." वहीत लिहायला लागले: 'कच्ची दीवार यथावत...'

"थांबा. मोठ्यानं वाचा."

त्यांनी वाचलं.

"कच्ची खोडा."

"अहो, एका शब्दानं काय होते?"

"त्याच एका शब्दानं गोण्या आल्या ना! कोण्या शहाण्यानं भोपाळात बसून लिवला, भिंतीले हात तरी लावला होता का त्यानं? चुन्याची लिवा. कच्ची ही शिवी हाय."

भुसारींनी खोडलं. 'चूने की' असं वर लिहिलं. ठकूबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं आणि मगच गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"चला गं बायांनो. हा पक्का गोळा आधी फाटकाबाहेर फेका. चुना भिजवाले जागा पाहिजे."