कडेवरच्या पाळ्या

माझ्या नातीला मी सांगलीच्या दवाखान्यात खाली पाडले, असे माझे थोरले बंधू लग्नाकार्यांत सांगत असतात. त्या दिवशी ते फलटणला उसाच्या फडात होते. मी तिच्यापासून हातभरावर उभा होतो. ती पडली नाही, बसली. एवढी दुरुस्ती करून मगच पुढचे लिहितो.

नात तेव्हा पावणेदोन वर्षांची होती. रक्ताचा कर्करोग निघण्याआधी ती अंगणभर धावायची. आजारी लेकराचे पाय आमच्या घरी जमिनीला लागू देत नाहीत. ते कडेवरच असते. उभी हयात लष्करात काढलेल्या मी त्या रिवाजालाही शिस्त लावली. मुलगा, सून, पत्नी आणि मी, पहारा बदलावा तशा दोन-दोन तासांच्या पाळ्या. सात आठवड्यांत एकही पाळी चुकली नाही. तिने बोट दाखवण्याआधी पाण्याची वाटी तिच्या तोंडाशी येई. याचा मला अभिमान होता. तो लपवणार नाही.

वॉर्डात लहान मुलांचे खेळ घेणाऱ्या एक बाई होत्या. वय माझ्या मुलीएवढे, आवाज मात्र हवालदाराचा. एके सकाळी त्यांनी विचारले, "आजोबा, हिला खाली कधी ठेवता?"

"कधीच नाही. पाळ्या लावल्यात."

"मग तिनं पाय कशासाठी टाकायचे? आणि 'मम' म्हणून पाणी तरी कुणाकडं मागायचं? मागायच्या आधीच मिळतंय सगळं."

मी भडकलो. पाय औषधामुळे लुळे पडलेत, हे मला डॉक्टरांनी सांगितले होते. "औषधानं कमजोर झालेत," बाई म्हणाल्या. "उरलेलं आपण करतोय." मग बाई डॉक्टरांना विचारून आल्या. रक्त गोठवणाऱ्या पेशी त्या दिवशी पुरेशा होत्या. त्या कमी असल्या की साधा मुका मारही जिवावर बेततो, हेही त्यांनी ऐकवले.

पुसलेल्या जाड चटईवर नातीला बसवले. पलीकडे माझ्या पायांशी स्टुलावर पाण्याची वाटी. नातीने टाहो फोडला.

मागून सून म्हणाली, "आवं मामा, उचला की तिला! लय रडतीया."

"थांब."

पण हात माझेच पुढे जात होते. म्हणून मी विश्राममध्ये उभा राहिलो. पाय फाकलेले, दोन्ही हात पाठीशी, एकात एक आवळलेले. शेजारच्या खाटेवरून कुणी तरी म्हणाले, "काय दगड हाय गड्या म्हातारा!" मी वळून पाहिले नाही.

ती रांगत आली. माझी विजार धरून उभी राहिली. गुडघे थरथरत होते. बाईंचा हात तिच्या कमरेमागे होता, न टेकता. नातीने वर माझ्याकडे पाहिले. हात येत नाहीत, हे तिला कळले. विजार सोडून तिने वाटीकडे एक पाऊल टाकले आणि मटकन बसली.

मग ती रागाने ओरडली, "मम!"

सात आठवड्यांत तिने काही मागितले नव्हते.

"आता द्या," बाई म्हणाल्या. माझी बोटे एकमेकांतून सुटायला वेळ लागला.

मुलगा म्हणतो, सगळे श्रेय औषधाचे. रक्त औषधाने सावरले, हे मलाही मान्य आहे. पण पाळ्या मी लावल्या होत्या आणि त्याच दुपारी मीच बदलल्या. पेशी परवानगी देतील त्या दिवशी नात चटईवर, आणि पाळीवाल्याचे हात पाठीशी. महिन्याभराने ती वॉर्डाच्या दारापर्यंत चालली. बोट बाईंचे धरले होते, माझे नव्हे.

सून सांगते की मामा त्या दिवशी रडले. ती माझ्या पाठीमागे उभी होती. तिला दिसले असतील ते फक्त माझे हात.