बुडालेल्या वहीचं पुस्तक

कोणी वाचायला लागलं की ते डोळे मिटायचे आणि उजवा तळवा टेबलावर पालथा ठेवायचे, होडीचा काठ धरावा तसा. वाचून संपलं की म्हणायचे, “पुना वाच. हलू वाच.” दुसऱ्या वाचनात आपलं आपल्यालाच कळायचं, कुठे खोटं लिहिलंय ते. तुम्ही कधी काही लिहून कोणाला वाचून दाखवलं असेल, तर असा ऐकणारा मिळणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते पालघरजवळच्या माहीमचे, मासेमारी करणारे. चौथीपर्यंत शिकलेले. मी तेव्हा बोईसरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होतो आणि कथा लिहायचो. बेटेगावच्या शाळेतल्या बाई कविता करायच्या. आम्हा दोघांची बाडं प्रकाशकांकडून साभार परत येत. पालघरच्या एका छोट्या छापखान्यात आमची गाठ पडली. मी आणि बाई आपापलं पुस्तक छापायला किती खर्च येईल ते विचारायला आलो होतो आणि काका कुणाची तरी लग्नपत्रिका घ्यायला. आमचं बोलणं ऐकून त्यांनी हळूच सांगितलं, की जाळी टाकून बसलं की तेही लिहितात. गोष्टी.

त्या दिवसापासून महिन्यातला एक रविवार आमचा झाला, छापखान्यातल्या टेबलाशी एकमेकांना वाचून दाखवायचा.

बाईंचा संग्रह आधी निघाला. मुद्रितं मी तपासली. बांधणीसाठी काकांनी जाळं विणायचा नायलॉनचा दोरा आणला आणि छापखान्याच्या ओट्यावर बसून एकेक प्रत शिवली. त्या प्रतींना दिवसभर माशांचा वास येत होता. बाईंनी भीतभीत तसं म्हटलं, तर काका म्हणाले, “जाईल तो. गाठ नाय सुटनार.” पुढे माझं पुस्तक निघालं, तेही त्यांनीच शिवलं. त्यांचं मात्र राहत गेलं. आणखी एक गोष्ट होऊ दे, म्हणायचे.

मग एका वर्षी, गणपती झाल्यावर, त्यांची होडी खाडीच्या तोंडाशी उलटली. होडीतले चौघेही पोहत किनाऱ्याला लागले. सगळ्या गोष्टी लिहिलेली काकांची वही गेली. तिची दुसरी प्रत नव्हती.

दोन रविवार ते आले नाहीत, म्हणून आम्ही माहीमला गेलो. ते बोंबील वाळत घातलेल्या बांबूंखाली सावलीत बसले होते. उन्हात सगळा किनारा पांढुरका, हलल्यासारखा दिसत होता. आम्ही वहीचं विचारलं.

“वही गेली, मानसं आली,” ते म्हणाले. “आनी काय पायजे?”

पण ते लिहीत नव्हते. पुढचे सहा महिने त्यांनी कागदाला हात लावला नाही. आमचं ऐकायचे, पण पुन्हा वाच म्हणायचे नाहीत. ते मला फार लागलं.

एका रविवारी बाईंनी पिशवीतून कोरी वही काढली आणि काकांची एक गोष्ट त्यांच्याच शब्दांत लिहायला घेतली. अडलं तिथे मी सांगितलं. त्यांनी आम्हाला इतकं हळू आणि इतक्यांदा वाचायला लावलं होतं, की त्यांनी आम्हाला वाचून दाखवलेल्या गोष्टीही आमच्यात तशाच उतरल्या होत्या. रविवारमागून रविवार गोष्टी वर येत गेल्या. काका तोंडातल्या तोंडात शब्द दुरुस्त करायचे.

एका गोष्टीवर मात्र आमचं जुळेना. तिच्यातला वादळात समुद्रावर गेलेला मुलगा माझ्या आठवणीत बुडाला होता. बाई म्हणाल्या, नाही, तो परत येतो, मी माझ्या कानांनी ऐकलंय. शेवटी आम्ही काकांकडे पाहिलं.

“ती म्हनते तेपन खरं,” ते खाली बघत म्हणाले. “तू नव्हतास तवा तिला तशी वाचली. तिचा भाऊ इस्पितळात होता. वहीत मेलेला होता, पन त्या दिवशी कसा मारू मी त्याला?”

बाई उठून दाराशी गेल्या. बाहेर तोंड करून उभ्या राहिल्या.

कोणता शेवट घ्यायचा, मी विचारलं. काका म्हणाले, “आलाय तर राऊ दे.”

पुस्तक तसं निघालं. पुढे काका पुन्हा लिहायला लागले, थोडं थोडं. माहीममध्ये लोक त्यांच्या ओट्यावर बसून त्यांच्याच गोष्टी त्यांना वाचून दाखवत आणि ते नव्यानं ऐकल्यासारखे ऐकत.

नव्वद सालच्या आसपास ते अंथरुणाला खिळले. आम्ही गेलो तेव्हा दुपार होती, भरतीचा आवाज घरात येत होता. ते आपणहून एक गोष्ट सांगायला लागले, अजून न लिहिलेली. एक बाई ओहोटीला दूरच्या खडकावर कालवांचे शिंपले फोडायला जाते. पाणी फिरतं, भरती लागते. सगळ्या बायका निघतात. ती निघत नाही, कारण तिला खडकाच्या पलीकडून कोणीतरी हाक मारतंय.

“ती वळली,” काका म्हणाले, आणि त्यांचा डोळा लागला.

आम्ही थांबलो. ऊन भिंतीवरून जमिनीवर उतरलं. त्यांच्या सुनेनं चहा आणला. उठवू का, म्हणाली. बाईंनी मानेनंच नको म्हटलं.

चार दिवसांनी निरोप आला. अंत्यविधी आटोपून बाई आणि मी पालघरच्या एसटीत शेजारी बसलो. कोण हाक मारत होतं, हे दोघांनाही विचारायचं होतं. विचारणार कोणाला? बाई खिडकीतून पानमळ्यांकडे पाहत राहिल्या. ती गोष्ट आम्हा दोघांना शब्दन् शब्द पाठ आहे. आजवर दोघांपैकी कोणीही ती पूर्ण केलेली नाही.