खिशाचा पंजाबी

परभणीच्या पोरापोरींना कुणी गबाळं म्हणालं की माझं डोकं आजही फिरतं. अहो, मी बघितलीत ती पोरं! विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. भिंतीभिंतीवर घोषणा, आज मोर्चा तर उद्या बंद. पण संध्याकाळी स्टेशन रोडला पोरं निघाली की बघत राहावं. बेलबॉटमची मोहरी रस्ता झाडायची, ती झिजू नये म्हणून खालच्या काठाला पितळी चेन शिवलेली. मागच्या खिशात कंगवा. घरात इस्त्री नसली तर तांब्यात निखारे भरायचे आणि शर्टाच्या बाहीला अशी धार काढायचे की बोट कापावं. कित्येकांकडं धड शर्ट एकच, पण रोज धुतलेला. एक नूर आदमी, दस नूर कपडा म्हणतात ते मला परभणीनं शिकवलं.

आणि मी? वालूरच्या मेंढरं राखणाऱ्या घरातली. आमच्यातली कॉलेजात आलेली पहिलीच पोरगी. मावशी सरकारी दवाखान्यात कामाला होती, तिच्याकडं राहायचे. सोडायला आलेल्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच अट घातली होती. "साडीतच ऱ्हायचं. साडी सुटली की कालेज सुटलं." मी मान डोलावली. न डोलावून सांगते कुणाला!

कॉलेज गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. मावशीची जुनी सायकल होती, ती घेऊन जायचे. पंधरा दिवसांतच रेल्वे फाटकाजवळ साडीचा घोळ चेनमध्ये अडकला आणि मी भर रस्त्यात आडवी. साडी गुडघ्यापर्यंत फाटलेली, गुडघा फुटलेला, भोवती ही एवढी माणसं. लाजेनं जीव नकोसा झाला. घरी आल्यावर मावशीनं जखम धुतली आणि म्हणाली, "पंजाबी ड्रेस शिव."

"आन् आबा?"

"आबा वालूरला. तू परभणीला."

त्या आठवड्यात बंद चालू होता. लेडीज टेलरची दुकानं कुलपात. आमच्या गल्लीतले एक म्हातारे चाचा तेवढे अर्धं दार उघडं ठेवून मशीन चालवायचे. चाळीस वर्षं पँट-शर्टाशिवाय दुसरं काही शिवलेलं नव्हतं त्यांनी. मावशीनं आहेरात आलेलं मोरपंखी कापड त्यांच्यापुढं टाकलं. चाचा म्हणाले, "बनातूं बेटी, फिकर नक्को."

बनवलं की! ताठ कॉलर, बाह्यांना कफ, छातीवर खिसा आणि सलवारीला पँटीसारखे दोन तिरके खिसे. मी डोक्याला हात लावला. चाचांना मात्र आपलं काय चुकलं तेच कळेना. "जेब तो होनाइच ना बेटी. चीजां किधर रखतीं?"

दुसरा ड्रेस शिवायला कापड कुठलं? तोच घालून गेले. पोरांच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या, "ओ साहेब!" म्हणून हाका आल्या. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की सांगता सोय नाही. दोन दिवस कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी वर्गातली सगळ्यात नटवी पोरगी माझ्याभोवती एक चक्कर मारून आली आणि खुशाल माझ्या खिशात हात घातला. "अगं बाई! पेन, रुमाल, किल्ली, सगळंच मावायलंय की! कुठं शिवलास?"

दिवाळीपर्यंत चाचांच्या दारात पोरींची रांग लागली. आणि नुसती नक्कल नव्हे हं! बोरी गावच्या एकीनं आईच्या जुन्या लुगड्याचा काठ कॉलरला लावला. एकीनं खिशावर आरसे टाचले. एकीनं कफ उलटे दुमडून आत लाल अस्तर दाखवलं. एकीसारखा दुसरीचा नाही. चार-चार रुपयांच्या कापडात ह्या पोरी अशा ऐटीत चालायच्या की शिट्ट्या मारणारे बाजूला सरून वाट द्यायचे. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं, अजूनही वाटतं.

पण वालूर काही लांब नाही. एक दिवस कॉलेजातून आले तर उंबऱ्यात आबा. खांद्यावर घोंगडी, तोंडात तंबाखू. मी त्याच ड्रेसात, हातात सायकल. लपवणार काय कपाळ!

"पोराची कापडं घालून सायकलीवर हिंडायलीस म्हनं. लोक सांगायलेत. खरं निघालं." आवाज चढवला नाही त्यांनी. "पिशवी भर. पाचची यष्टी हाय."

मावशीनं माझी पिशवी भरायला घेतली. मला भीती वाटत होती, पण राग त्याहून मोठा होता. म्हटलं आता जायचंच आहे तर बोलून जाऊ.

"आबा, आई खुरपायला जाती तवा काष्टा घालती का न्हाई? तुमी मेंढरामागं निघता तवा धोतर वर खोचता का न्हाई? पायात येतंय म्हनूनच ना? मग माझ्या बी पायात यायलं व्हतं!" आणि सलवार वर करून गुडघ्यावरचा वण दाखवला.

आबा वणाकडं बघत राहिले. "कवा पडलीस?"

"पहिल्याच महिन्यात."

"सांगितलं न्हाई."

"सांगितलं असतं तर तवाच नेलं असतं तुमी."

ते उठले, तंबाखू थुंकून आले. "चल. स्टँडवर सोड मला." मावशीनं पिशवी हँडलला अडकवली. यष्टीत मलाही बसायचंय की त्यांना एकट्यालाच, हे विचारायची छाती मला झाली नाही.

आबा जन्मात पहिल्यांदा सायकलच्या कॅरिअरवर बसले, एका अंगानं, सीट घट्ट धरून. पुढं कॉलरवाली पोरगी, मागं मुंडासं न् घोंगडी. अख्खा रोड बघत होता. स्टँडच्या अलीकडं, वळणावरच मी ब्रेक दाबला.

"हितं का थांबलीस?"

"पुढं वालूरची मानसं असतील, आबा."

"मग? स्टँड तिकडं हाय. चल."

वालूरला जाणाऱ्या सेलूच्या गाडीपाशी नेऊन उभी केली सायकल. आमच्या गावचे एक म्हातारबुवा तिथं होतेच. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आबांना विचारलं, "कोन रं ही?"

आबा उतरले. धोतर झटकलं.

"माझी थोरली. हितं शिकायलीय," म्हणाले, आणि पिशवी हँडललाच ठेवून एकटे गाडीत चढले.