पाटावरची पुस्तकं

आमच्या लालबागच्या वाचनालयातली दुर्मिळ पुस्तकं एकेक करून गायब होत होती. दसऱ्याला मी आमच्या सर्वांत जुन्या सभासदांकडे भोईवाड्यात सोनं द्यायला गेलो. सरस्वतीपूजनासाठी त्यांनी पाटावर जुनी पुस्तकं मांडली होती. नमस्काराला वाकलो, तर पंख्याच्या वाऱ्यानं वरच्या पुस्तकाचं पान उलटलं. वाचनालयाचा शिक्का असतो तिथं ब्लेडनं कापलेला चौकोन होता. दुसरं उघडलं, त्यातही तेच. माझं डोकं सणकलं. चोरलेल्या पुस्तकांना हळदकुंकू वाहतो हा माणूस! मी वळलो, तर ते मागेच उभे. माझ्या हातात आपट्याचं पान ठेवत शांतपणे म्हणाले, "तुमच्या वडिलांच्या पुस्तकांचं कपाट फार छान आहे हो. काल तुम्ही नसताना वहिनींनी उघडून दाखवलं. त्यातल्या पुस्तकांतही असेच चौकोन कापलेत."