आधी सांग, मग रड

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे बाई म्हणतात. शाळेत त्यांनी कधी शिकवलेलं नाही, पण कॉलेजातून नवी मुलं आली की ती त्यांच्याच हवाली होतात. दुसऱ्यांच्या कंपन्यांचे कम्प्युटर हॅकरांपासून राखायचं आमचं काम. खिडकी नसलेली खोली, भिंतभर स्क्रीन आणि त्यांवर सारखी लाल होणारी कुठली तरी ओळ. बाईंच्या सासूबाई शेजारीपाजारी सांगतात, आमची सून खुर्चीत बसून चोर पकडते. यापेक्षा सोपं मलाही सांगता येणार नाही, असं बाई म्हणतात.

मी त्यांच्या समोरच बसतो आणि नव्या पोरांवर माझा काडीचा विश्वास नाही. हातात प्रमाणपत्र आणि डोक्यात सिनेमातला हॅकर. बाई मात्र प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एकच गोष्ट पढवतात, चूक झाली तर आधी सांग, मग रड. मला हे नसते लाड वाटायचे.

यंदा एक बारीक आवाजाची मुलगी आली. आम्ही तिला चिमणी म्हणू लागलो. तिच्या घरात तिच्याआधी कुणी ऑफिसची पायरी चढलेलं नव्हतं, आणि नोकरी अजून कच्ची होती. एका दुपारी आमचं गिऱ्हाईक असलेल्या हॉस्पिटलने एक फाइल तपासायला पाठवली. व्हायरस असेल, अशी त्यांना शंका होती. चिमणीने ती इंटरनेटवरच्या फुकट तपासणीच्या साइटवर चढवली. व्हायरस निघाला नाही. पण तिथे टाकलेली फाइल जगात कुणालाही उतरवून घेता येते, आणि या फाइलीत रुग्णांचे रिपोर्ट होते, नावानिशी.

हे तिच्या लक्षात आलं तेव्हा कुणाला पत्ताही नव्हता. गप्प बसली असती तर चाललंही असतं. ती उठली, बाईंपुढे उभी राहिली आणि घडलं तसं सगळं सांगितलं. बाई एका शब्दाने रागावल्या नाहीत. दोघींनी मिळून त्या साइटवरून फाइल काढायला लावली. तोवर ती कुणी उतरवली नव्हती. मग बाईंनी फोन तिच्यापुढे सरकवला. हॉस्पिटलला तूच सांग, मी इथे बसलेय. त्या बारीक आवाजात 'पण' एकदाही आला नाही. फोन ठेवला आणि मग ती रडली.

बातमी आमच्या साहेबांपर्यंत गेली आणि त्यांनी आम्हा तिघांना, मला साक्षीदार म्हणून, आत बोलावलं. चिमणीला उद्यापासून येऊ नको म्हणायचं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. बाईंनी गयावया केली नाही.

"काढा हिला," त्या म्हणाल्या. "पण मग या ऑफिसात पुढची चूक तुम्हाला कुणीही सांगणार नाही."

साहेब पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "सकाळी बँकेच्या नावाने एक खोटा मेल आला होता. मी उघडला. पासवर्डही टाकून बसलो."

मला कुठे बघावं कळेना. बाईंनी फक्त चिमणीकडे पाहिलं. तिने मनगटाने नाक पुसलं, खुर्ची ओढली आणि साहेबांसमोर बसली.

"सर, तोच पासवर्ड आणखी कुठे कुठे वापरता?"

आणि साहेब एकेक सांगत गेले.