एका पाठीवर एकच

बेडकासाठी जीव टाकणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा मामेसासरा. लग्न ठरताना ही गोष्ट माझ्यापासून व्यवस्थित लपवण्यात आली होती. मामा रोहण्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि पिपरी मेघेत घर बांधून राहिले. त्यांचा बेडूकही आपला साधा नव्हे. सातासमुद्रापलीकडच्या जंगलातला, अंगठ्याच्या पेराएवढा, लालभडक अंगाचा, निळ्या पायांचा, विषारी! मामांनी तो उभ्या जन्मात पाहिलेला नाही, पण घराच्या भिंती लाल आणि खांब निळे. "रंग पाह्यला का दुश्मन समजून जाते, याच्या नादी लागाचं नाई," म्हणतात. विमा एजंट तरीही येतात. मग मामा त्यांना बसवून घेतात आणि सांगतात, हे विष जन्माचं नसतं, रानातल्या मुंग्या-किडे खाऊन अंगात साठतं, काचेच्या पेटीत वाढवलेला बेडूक अगदी निरुपद्रवी निघतो. तासाभराने एजंट चहा न घेताच उठतो.

गेल्या पावसाळ्यात कळलं, शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर मुरूम पडणार. तिथल्या डबक्यात बेडकांची पिल्लं वळवळत होती. मामा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले. "एकबी मरू देत नाई मी!" त्यांच्या लाल बेडकाची आई एकेक पिल्लू पाठीवर घेऊन वेगवेगळ्या पानांतल्या पाण्यात सोडते आणि फिरून प्रत्येकाला आपलं अंडं भरवते. झालं! मामांनी घरातल्या यच्चयावत वाट्या काढल्या. दर वाटीत एक पिल्लू, वर उकडलेल्या अंड्याचा बलक. ओसरीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

"मामा, सगळी एकाच हौदात सोडा ना," मी म्हणालो.

"जवाईबापू, गर्दीत कोनाकडं लक्ष राह्यते? आई एकेकालेच नेते."

तिसऱ्या दिवशी वाट्यांना वास सुटला आणि पाच पिल्लं उलटी तरंगली. मामा पायरीवर बसले, चेहरा एवढासा करून. माझी बायको आली, पदर खोचून वाट्या अंगणातल्या हौदात रिकाम्या करू लागली. "मामा, हे तुमचे परदेशातले नाईत, आपले वर्धेचे आहेत. शेवाळ खातेत, मिळून राह्यतेत." शेवटची वाटी मात्र मामा सोडेनात. तेव्हा ती शेजारी बसली आणि जुनी गोष्ट काढली. तिची आई गेली तेव्हा ही तिघं भावंडं जाम गावात होती, लहान. मामांनी त्यांना मोपेडवरून रोहण्याला आणलं, पाठीला दुपट्ट्याने बांधून, रोज एकाला. तीन दिवस, तीन खेपा. दोघांना घेतलं तर एखादं पडेल, ही भीती. मला हे तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

"आनलं तं एकेकच मामा," ती म्हणाली, "पन वाढवलं एकाच ताटात."

मामांनी डोळे पुसले, उठले आणि ती वाटी हौदात हळूच उपडी केली.

आता त्या लाल घराच्या अंगणात आपले मातकट बेडूक उड्या मारतात. मामांना त्यांचा तो लाल बेडूक या जन्मी दिसेल असं वाटत नाही, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. मला मात्र पिपरीला गेलं की तो दिसतो, निळ्या खांबाला टेकून हौदाकडे बघत बसलेला.